नागपाड्याचे सरळ रस्ते

नववीच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, नागपाड्याचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे आणि डोंगरीत मात्र गल्लीत गल्ली. असं का?" पुस्तकात उत्तर नव्हते.

गोष्ट प्लेगपासून सुरू होते. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत पहिला रुग्ण ओळखला. पाठोपाठ सरकारी पथके मोहल्ल्यांत शिरली. उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीत 'यू.एच.एच.' अशी अक्षरे रंगवली. आजारी माणसाला ओढून इस्पितळात नेत. त्यात पडदानशीन बायकाही आल्या. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्याच्या बाजूला एका जुलाहा घरातली आजारी मुलगी तपासायला पथक आले. विणकरांनी विरोध केला, त्यातून दंगल पेटली आणि गोळीबार झाला. आपल्याकडे ही तारीख फार कुणाला आठवत नाही.

त्याच वर्षी कायदा झाला आणि बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खर्चात महापालिकेचा वार्षिक वाटा होता. पहिली योजना नागपाड्याची. दाट वस्ती पाडून रुंद, काटकोनातले रस्ते काढले. चौपाटीकडून समुद्राची हवा दाट वस्तीत यावी म्हणून सँडहर्स्ट रोड काढला, तोच आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. प्रिन्सेस स्ट्रीटही झाला. शहर देखणे झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की हवेने रोग जाईल या भरवशावर भिंती पडत होत्या आणि 1898 मध्येच कराचीत सिमोंद नावाचा फ्रेंच डॉक्टर उंदराच्या पिसवांकडे बोट दाखवत होता.

पण मला खरा प्रश्न पैशाचा वाटतो. जागा ताब्यात घेतली की मोबदला मालकाला मिळे. भाडेकरूचा त्यावर काही हक्क नव्हता. मोबदला भाड्याच्या उत्पन्नावर ठरत असल्याने काही मालकांनी मुद्दाम खोल्यांत जास्त माणसे कोंबली. घरमालकांत सगळ्या धर्मांचे लोक होते, आपलेही होते. सगळा दोष फक्त गोऱ्या साहेबावर टाकून चालत नाही. मोहल्ल्यातली घाणही खरीच होती, ती इंग्रजांनी रचलेली कथा नव्हे.

उठवलेल्या लोकांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. लोकांनी त्यांना बी.आय.टी. चाळ म्हटले. मात्र पाडण्याचा वेग बांधण्यापेक्षा जास्त होता, आणि हातावर पोट असलेल्याला कामापासून लांब जाणे परवडत नव्हते. हमाल, विणकर, टांगेवाला शेजारच्याच गल्लीत आधीच भरलेल्या खोलीत जाऊन राहिला. एक गल्ली मोकळी झाली, दुसरी तुडुंब भरली. डोंगरी दाट राहिली, त्याचे हे एक कारण.

1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. चाळी मात्र उरल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकर अनेक वर्षे राहिले, हे मी वर्गात सांगितले तेव्हा तिने पुढचा प्रश्न टाकला: "मग ज्यांना चाळ मिळाली नाही, त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?"