प्रवाळ मत्स्यालयातील प्रवाळांची मंद वाढ

घरगुती प्रवाळ मत्स्यालयातील प्रवाळ जिवंत असूनही त्यांचा सांगाडा अपेक्षित गतीने न वाढणे ही खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपालनातील एक सामान्य समस्या आहे. मंद वाढ हा स्वतंत्र रोग नसून पाण्याचे रसायन, प्रकाश, प्रवाह, पोषण, तापमान किंवा उपद्रवी जीव यांपैकी एखाद्या घटकातील दोषाचे ते लक्षण असते. वाढीचा वेग सर्वांत अपुऱ्या घटकावर अवलंबून असल्याने तो घटक न ओळखता इतर घटक वाढवल्यास उपयोग होत नाही. एकाच वेळी अनेक मोठे बदल केल्यास सावकाश वाढणारी, पण निरोगी वसाहतही मरू शकते.

वाढीची प्रक्रिया

दगडी प्रवाळांच्या वसाहती पॉलिप नावाच्या लहान प्राण्यांच्या बनलेल्या असतात. पॉलिप समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट यांपासून अ‍ॅरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकरूपाचा सांगाडा तयार करतात. या कामासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या झूझँथेली या सूक्ष्म शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणातून मिळतो. थॉमस गोरो यांनी जमैकातील प्रवाळांवर किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून केलेल्या व १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकाशात सांगाडानिर्मिती अंधारापेक्षा बरीच जलद होते, असे दिसून आले. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील बायोस्फिअर २ या बंदिस्त प्रकल्पाच्या कृत्रिम समुद्रात ख्रिस लँगडन व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटची संपृक्तता कमी झाली की सांगाडानिर्मितीही मंदावते, हे स्पष्ट झाले.

वाढीचा स्वाभाविक वेग जातीनुसार बदलतो. अ‍ॅक्रोपोरा प्रजातीतील काही फांद्यांचे प्रवाळ नैसर्गिक भित्तीवर वर्षाला १० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढतात, तर पोराइट्सच्या घुमटाकार वसाहतींची वाढ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर असते. तोडून चिकटवलेला तुकडा प्रथम तळाशी पसरून आधार पक्का करतो व नंतर वर वाढतो. त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांत उंची न वाढणे हे दोषाचे लक्षण मानले जात नाही.

वाढीचे मोजमाप

रोज पाहणाऱ्याच्या नजरेला वाढ जाणवत नाही. म्हणून ठरावीक अंतरावरून, त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून दरमहा छायाचित्र घेतले जाते. दुसरी पद्धत अल्कता मोजण्याची आहे. अल्कता म्हणजे मुख्यतः पाण्यातील बायकार्बोनेट व कार्बोनेट यांची आम्ल शोषण्याची क्षमता. मत्स्यपालक ती डीकेएच या एककात मोजतात. सांगाडा तयार होताना अल्कता व कॅल्शियम ठरावीक प्रमाणात खर्च होतात. अल्कता १ डीकेएच कमी झाली, तर कॅल्शियम सुमारे ७ मिलिग्रॅम प्रतिलिटर कमी होते.

पूरक रसायने थांबवून दोन-तीन दिवस एकाच वेळी चाचणी घेतल्यास दैनंदिन खर्च कळतो. उदाहरणार्थ, २०० लिटर पाण्यात अल्कता दोन दिवसांत ८.५ वरून ७.९ झाली, तर खर्च दिवसाला ०.३ डीकेएच होतो. सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, प्रतिलिटर सुमारे ३० मिलिग्रॅम घातल्यास अल्कता १ डीकेएचने वाढते. या हिशोबाने वरील टाकीला रोज सुमारे १.८ ग्रॅम सोडा पुरतो. टाकीत प्रवाळ भरपूर असूनही अल्कता जवळजवळ न घटणे म्हणजे सांगाडानिर्मिती मंदावली असल्याचा संकेत होय. कोरॅलाइन शैवाल व शिंपलेही अल्कता वापरत असल्याने हा आकडा संपूर्ण टाकीचा असतो, एका वसाहतीचा नव्हे.

कारणे

पाण्याचे रसायन

नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात लवणता सुमारे ३५ ग्रॅम प्रतिकिलोग्रॅम, कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम प्रतिलिटर, मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि अल्कता सुमारे ७ डीकेएच असते. घरगुती टाकीत सामान्यतः पुढील मर्यादा पाळल्या जातात :

- अल्कता : ७ ते ९ डीकेएच
- कॅल्शियम : ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रतिलिटर
- मॅग्नेशियम : १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर
- तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस
- सामू : ७.८ ते ८.४

आकडा नेमका किती आहे यापेक्षा तो स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे ठरते. अल्कतेतील झपाट्याचे चढउतार फांद्यांच्या प्रवाळांना विशेष घातक असतात. म्हणून दुरुस्ती करताना दिवसाला १ डीकेएचहून अधिक बदल टाळला जातो. मॅग्नेशियम कमी पडल्यास कॅल्शियम कार्बोनेट पंप व तापकांवर आपोआप साचते आणि कॅल्शियम व अल्कता टिकवणे अवघड होते. लवणतेचे मापन चुकीचे असल्यास इतर सर्व आकडेही दिशाभूल करतात. त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर ज्ञात लवणतेच्या द्रावणाने तपासून घेणे ही निदानाची पहिली पायरी मानली जाते.

सामू

दारेखिडक्या बंद असलेल्या वातानुकूलित खोलीत माणसांच्या उच्छ्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात विरघळतो व सामू घटतो. सामू पहाटे दिवे लागण्यापूर्वी सर्वांत कमी असतो. प्रोटीन स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर नेणे किंवा बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडणे हे प्रचलित उपाय आहेत. निवळीतून कॅल्शियम व अल्कता दोन्ही मिळतात. ती तीव्र अल्कधर्मी असल्याने एकदम ओतल्यास जीवहानी होते.

पोषकद्रव्ये

फॉस्फेटचे प्रमाण जास्त असल्यास अ‍ॅरॅगोनाइटच्या स्फटिकांची वाढ रोखली जाते व उपद्रवी शैवाल फोफावते. याउलट नायट्रेट व फॉस्फेट पूर्णपणे काढून टाकल्यास झूझँथेली उपाशी राहतात, प्रवाळ फिकट पडतात व वाढ थांबते. अतिशय स्वच्छ पाणी व उच्च अल्कता एकत्र आल्यास फांद्यांची टोके पांढरी पडून मरतात, असा मत्स्यपालकांचा अनुभव आहे. पुष्कळ मत्स्यपालक नायट्रेट २ ते १० व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर राखतात.

प्रकाश व प्रवाह

मऊ प्रवाळ व मोठ्या पॉलिपांचे दगडी प्रवाळ यांना साधारणतः ५० ते १५०, तर लहान पॉलिपांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतका प्रकाश दिला जातो. कमी प्रकाशात वसाहती तपकिरी होतात. अचानक वाढवलेल्या प्रकाशाने झूझँथेली बाहेर टाकल्या जाऊन विरंजन होते, म्हणून तीव्रता काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. प्रवाह कमी असल्यास ऊतीभोवती साचलेल्या पाण्याच्या थरामुळे वायू व क्षारांची देवाणघेवाण मंदावते. वसाहत मोठी झाल्यावर तीच प्रवाह अडवू लागते, त्यामुळे पूर्वी पुरेसा असलेला पंप अपुरा पडू शकतो.

उपद्रव व स्पर्धा

अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटकृमी व मॉन्टिपोरा खाणाऱ्या सागरी गोगलगायी यजमानाच्या रंगात मिसळून जातात. तळाशी दिसणारे चावे व अंड्यांचे पुंजके यांवरून त्या ओळखल्या जातात. काही मऊ प्रवाळ पाण्यात विषारी रसायने सोडतात, त्यांवर सक्रियित कार्बन वापरला जातो. माशांच्या औषधांतील तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक असते.

निदानाचा क्रम

प्रथम लवणता व तापमान, नंतर अल्कता, कॅल्शियम व मॅग्नेशियम, त्यानंतर नायट्रेट व फॉस्फेट आणि शेवटी प्रकाश व प्रवाह तपासण्याची पद्धत आहे. एका जातीचीच वाढ थांबली असल्यास उपद्रव किंवा चुकीची जागा आणि सर्वच प्रवाळांची थांबली असल्यास पाण्यातील दोष संभवतो. संशयास्पद आकडा दुसऱ्या चाचणीसंचाने पडताळला जातो. त्यानंतर एकच बदल करून काही आठवडे वाट पाहिली जाते, अन्यथा परिणाम कोणत्या उपायाचा हे ठरवता येत नाही. ऊती झपाट्याने सुटत असल्यास मात्र ती मंद वाढ नसून तातडीची अवस्था असते. अशा वेळी निरोगी भाग तोडून वेगळा केला जातो.

भारतातील स्थिती

उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाऊ शकते, त्यामुळे शीतक किंवा पृष्ठभागावर वारा घालणारे पंखे लागतात. वीजपुरवठा खंडित झाल्यास प्राणवायू टिकवण्यासाठी बॅटरीवरील हवापंप ठेवला जातो. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राच्या पाण्यात काही क्षार शिल्लक राहतात, म्हणून त्यापुढे आयन काढून टाकणारा टप्पा जोडला जातो.

भित्ती बांधणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांचा समावेश २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये करण्यात आला. त्यामुळे मालवणसह भारतीय किनाऱ्यावरून असे प्रवाळ गोळा करणे गुन्हा आहे. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या परिशिष्ट २ नुसार नियंत्रित केला जातो. मेलेल्या वसाहतीच्या जागी समुद्रातून दुसरी आणण्याचा मार्ग कायद्याने बंद असल्यामुळे टाकीतील वसाहत जगवणे व तिच्या तुकड्यांपासून नव्या वसाहती वाढवणे यांना विशेष महत्त्व आहे.

हे सुद्धा पहा

- प्रवाळ
- प्रवाळभित्ती
- मत्स्यालय
- मालवण सागरी अभयारण्य