नवस, सुरुंग आणि हवाई छत्री

उत्तर कोकणातील वसई मराठी वाचकाला मुख्यतः दोन घटनांमुळे ठाऊक असते : मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला किल्ला, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने तेथे इंग्रजांशी केलेला तह. पॅराशूटच्या, म्हणजे हवाई छत्रीच्या इतिहासाशी या गावाचे नाव जोडणे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल, कारण वसई-विरार हे काही विमानातून उड्या मारण्याचे ठिकाण म्हणून कोणाच्या परिचयाचे नाही. तरीही मराठी माणूस विमानाच्या दारातून उडी घेऊ लागला त्याची कुळकथा शोधत मागे जावे, तर ती दोन वाटांनी वसईपाशी येते. एक वाट सैन्यभरतीची आहे आणि दुसरी, जिच्याकडे लष्करी इतिहासकार सहसा वळत नाहीत, ती श्रद्धेची.

वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला आणि विजयानंतर देवीचे देऊळ बांधून तो फेडला गेला, असे परंपरा सांगते. तानसा नदीच्या काठचे ते देऊळ आजही गजबजलेले असते. मात्र याच मोहिमेत किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग खणले गेले, त्यांत दारू ठासली गेली आणि तटाला खिंडार पडल्यावरच मराठ्यांचे सैन्य आत घुसले, हेही तितकेच खरे आहे. नवस केला म्हणून कोणी सुरुंग खणायचे थांबले नाही आणि सुरुंग तयार आहेत म्हणून कोणी नवस मागे घेतला नाही. जिवावरच्या कामात माणूस साधनावर आणि दैवतावर एकाच वेळी भार टाकतो, आणि त्या दोन भारांची वाटणी काळाप्रमाणे बदलत जाते. हवाई छत्रीचा इतिहास हा पुष्कळ अंशी या बदलत्या वाटणीचाच इतिहास आहे. त्याला केवळ धाडसाची कथा म्हणून सांगण्याची रूढी त्यामुळे अपुरी पडते.

1802 च्या तहाने पेशव्याने तैनाती फौज, म्हणजे पेशव्याच्या खर्चाने पोसलेली पण इंग्रजांच्या हुकमतीखालची फौज, पत्करली. पुढे 1818 मध्ये राज्यच गेल्यावर देश आणि कोकण या दोन्ही भागांतील लढवय्या कुटुंबांना चाकरीची मोठी जागा म्हणून मुंबई इलाख्याच्या पलटणी उरल्या. त्यांपैकी 1797 मध्ये उभारलेली एक पलटण पुढे 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून ओळखली गेली, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूट येथे वेढ्यात सापडली, आणि 1922 च्या पुनर्रचनेत 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची 3 री पलटण झाली. भारतीय सैन्यातील आजची 2 पॅरा ती हीच. योगायोग असा, की ज्या वर्षी ही पलटण उभी राहिली त्याच वर्षी, 22 ऑक्टोबर 1797 रोजी, आंद्रे-जाक गार्नेरँ या फ्रेंच माणसाने पॅरिसवर बलूनमधून सुटून, लाकडी सांगाडा नसलेल्या रेशमी छत्रीने जमीन गाठली.

गार्नेरँची छत्री उतरताना घड्याळाच्या लंबकासारखी झुलत होती. छत्रीत कोंडलेली हवा वाट मिळेल तशी कधी एका काठाखालून तर कधी दुसऱ्या काठाखालून निसटत असल्यामुळे हे हेलकावे बसतात, आणि त्यावर निघालेला उपाय म्हणजे छत्रीच्या शेंड्यावर एक भोक ठेवणे. जी वस्तू हवा अडवण्यासाठीच केली आहे तिला मुद्दाम भोक पाडावे, ही गोष्ट सामान्य बुद्धीला न पटणारी असली तरी पुढची दीडशे वर्षे गोल छत्रीला हे शेंड्याचे भोक राहिले. एकोणिसाव्या शतकात हे साधन सैन्याचे नव्हते, ते जत्रेचे आणि तमासगिराचे होते; तिकीट काढून लोक बलून चढताना आणि माणूस खाली येताना पाहत. भारतातही ते याच दाराने आले. इंग्रज बलूनवाला पर्सिव्हल स्पेन्सर याच्याकडून विद्या घेतलेल्या रामचंद्र चटर्जी या बंगाली कसरतपटूने 1890 मध्ये कलकत्त्यात छत्रीने उतरून दाखवले, आणि भारतीय माणसाने केलेली ही पहिली उडी मानली जाते.

तमाशाचे साधन जीव वाचवण्याचे साधन झाले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. 28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेत लेस्ली अर्विन याने पाठीवर बांधलेली छत्री विमानातून पडता पडता स्वतःच्या हाताने दोर ओढून उघडली. तोवर पुष्कळ जाणत्या लोकांची समजूत अशी होती की मोकळे पडणारा माणूस शुद्धीवरच राहणार नाही. सैन्याने मात्र हाताने उघडण्याची ही पद्धत आपल्या शिपायांसाठी घेतली नाही. कमी उंचीवरून, म्हणजे हजार-बाराशे फुटांवरून, पाठोपाठ उड्या टाकणाऱ्या माणसांना दोर ओढण्याच्या विचारालाही सवड नसते, म्हणून त्यांच्यासाठी 'स्टॅटिक लाइन' आली. ही एक मजबूत पट्टी असते. तिचे एक टोक विमानातील तारेला अडकवलेले असते आणि दुसरे शिपायाच्या पाठीवरील छत्रीच्या पिशवीला, त्यामुळे माणूस दाराबाहेर पडला की पट्टी ताणली जाऊन छत्री आपोआप बाहेर येते.

भारतात सैनिकी उड्या 1941 मध्ये सुरू झाल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात 50 वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड दिल्लीत उभी राहिली आणि त्याच महिन्यात कराचीला पहिल्या उड्या झाल्या, ज्यांत ए. जी. रंगराज हे सैन्यातील डॉक्टर होते. पुढे कोरियाच्या युद्धात 60 व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे, म्हणजे विमानातून उतरू शकणाऱ्या वैद्यकीय पथकाचे, नेतृत्व करणारे रंगराज ते हेच. ब्रिगेडमध्ये पहिल्यापासून खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची 411 क्रमांकाची तुकडी होती, त्यामुळे पुण्याच्या परिसराला या विद्येची ओळख युद्धकाळातच झाली. ब्रिटिश पद्धतीप्रमाणे या सर्वांच्या अंगावर एकच छत्री असे. अमेरिकन शिपायाच्या पोटावर दुसरी, राखीव छत्री बांधलेली असे. ब्रिटिशांनी खर्च आणि उडीची कमी उंची ही कारणे पुढे करून ती दिलीच नाही, आणि स्वतःच्या सैन्यातही ती 1950 नंतरच्या दशकात आणली. पहिली उघडली नाही तर दुसरी उघडायला वेळ कोठे आहे, हा युक्तिवाद हिशेबाने अगदीच खोटा नव्हता, पण तो मांडणारे बहुधा जमिनीवर बसलेले असत.

एकाच छत्रीवर उडी टाकणाऱ्या माणसाचा भरवसा प्रत्यक्षात कशावर असतो, हे पाहायचे तर घडी घालण्याच्या लांब टेबलापाशी जावे लागते. छत्रीचे कापड निमुळत्या पाकळ्यांचे शिवलेले असते. घडी घालणारा, ज्याला सैन्यात पॅकर म्हणतात, प्रत्येक पाकळी हाताने सपाट करून एकावर एक बसवतो, दोऱ्या एकमेकींत न अडकतील अशा नागमोडी फेऱ्यांनी रबराच्या किंवा कापडाच्या फासांत ओवतो, आणि शेवटी छत्रीचा शेंडा स्टॅटिक लाइनला एका कच्च्या दोऱ्याने बांधतो. हा दोरा तुटण्यासाठीच बांधलेला असतो. छत्री आणि दोऱ्या पूर्ण लांब ओढल्या जाईपर्यंत त्याने टिकायचे आणि माणसाचे वजन पडताक्षणी तुटायचे. आधी तुटला तर छत्री गोळा होऊन राहील आणि तुटलाच नाही तर माणूस विमानामागे लोंबकळेल. अशा दोऱ्याची जाडी, त्याचे वेढे आणि गाठ कशी असावी हे नियमपुस्तकात लिहिलेले असते, आणि काम संपल्यावर पॅकर छत्रीसोबतच्या नोंदपत्रावर सही करतो. उडी मारणाऱ्याला तो बहुधा कधीच भेटत नाही. अमेरिकन सैन्याने या अनोळखीपणावर तोडगा म्हणून असा नियम केला की पॅकर स्वतः उडी घेणारा असावा आणि त्याने घडी घातलेली कोणतीही छत्री पाठीवर बांधून उडी टाकण्याची त्याची तयारी असावी. नैतिक जबाबदारी यंत्राच्या भाषेत बसवण्याचा इतका नेमका नियम दुसऱ्या व्यवसायात क्वचितच आढळेल.

छत्रीच्या साधनात भारताने घातलेली एक भर युद्धकाळातलीच आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जंगलातील सैन्याला रसद वरून टाकावी लागे आणि रेशमी किंवा नायलॉनच्या छत्र्या पुरेशा मिळत नसत, तेव्हा जनरल स्लिम यांच्या 14 व्या सैन्याने कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करून घेतल्या, ज्यांना 'पॅराजूट' असे नाव पडले. पॅराजूटला शेंड्याचे भोकच नव्हते. तागाच्या विणीतूनच हवा झिरपत राही आणि वीण घट्ट-सैल करून उतरण्याचा वेग साधला गेला. स्लिम यांनी पुढे लिहिले की नेहमीची छत्री वीस पौंडांहून अधिक किमतीची, तर ही एक पौंडाच्या थोडी वर पडे. तिच्याने माणसे उतरवली नाहीत, फक्त पोती आणि पेट्या.

1797 ची ती मराठा पलटण छत्रीधारी झाली ती युद्ध संपल्यावर, 1946 च्या सुमारास. तत्पूर्वी मार्च 1941 मध्ये ती इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत लढली होती, आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची युद्धगर्जना त्याच लढाईत प्रथम उठली, असे रेजिमेंटची परंपरा मानते. हे ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण कंपनी सरकारच्या काळात उभ्या राहिलेल्या आणि दीड शतक इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली लढलेल्या पलटणीने आपला भार ज्या नावावर टाकला ते नाव देवाचे नव्हते, राजाचे होते, आणि तेही इंग्लंडच्या राजाचे नव्हते. छत्री मिळाल्यावर लगेच आकाशातून लढण्याची संधी मात्र या पलटणीला आली नाही. 1947 नंतर 50 वी ब्रिगेड काश्मीरला गेली, 18 मार्च 1948 रोजी झांगर परत घेण्याच्या लढाईत ही पलटण पायी लढली, आणि तेथेच 3 जुलै रोजी ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर महंमद उस्मान धारातीर्थी पडले. 15 एप्रिल 1952 रोजी पॅराशूट रेजिमेंट स्वतंत्रपणे स्थापन झाली तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची ही 3 री पलटण तिच्यात 2 पॅरा म्हणून दाखल झाली.

जी संधी झांगरला आली नाही ती बांगलादेशच्या युद्धात, 11 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी आली. लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या हाताखाली 2 पॅराचे सुमारे 700 ते 750 जवान पूर्व बंगालात टांगाईलजवळ उतरले. उद्देश पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी 93 व्या ब्रिगेडची वाट अडवण्याचा होता. वाऱ्याने माणसे आणि सामान पांगले, काही जड सामान तळ्यांत पडले, आणि ते बाहेर काढून पोहोचवण्यासाठी आसपासचे गावकरी आणि कादर सिद्दिकींचे मुक्तिवाहिनीचे लोक धावून आले. छत्रीच्या इतिहासात असा भाग नेहमी गाळला जातो, कारण तो चित्रात नीट बसत नाही. पूल रातोरात हाती आला. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून जमिनीने पुढे आलेली 1 मराठा लाइट इन्फन्ट्री तेथे येऊन मिळाली, म्हणजे एकाच जुन्या घराण्यातील दोन पलटणी, एक आकाशातून आणि एक पायवाटेने, पुंगलीला भेटल्या. 16 डिसेंबरला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या भारतीय तुकड्यांत 2 पॅरा होती. त्या दिवसांत जगभर छापून आलेले उडीचे छायाचित्र टांगाईलचे नव्हते, आधीच्या एका सरावाचे होते. त्यात ब्रिगेडच्या ब्रिगेड उतरताना दिसत असल्याने शत्रूचा अंदाज चुकण्यास त्याचा हातभार लागला.

छत्रीधारी सैनिकांच्या श्रद्धेचे रूप सर्वत्र एकच नाही. भारतीय 50 व्या ब्रिगेडने चिन्ह म्हणून 'शत्रुजीत' ही पंख असलेली, अर्धी मानवी आणि अर्धी घोड्याची आकृती घेतली. कॅथलिक देशांत हे स्थान सेंट मायकलला, म्हणजे सैतानाला स्वर्गातून खाली लोटणाऱ्या महादूताला मिळाले. फ्रेंच छत्रीदले 29 सप्टेंबरला त्याचा सण पाळतात. हा महादूत वसईकरांना परका नाही, कारण वसई रोडजवळच्या माणिकपूर येथील चर्च त्याच्याच नावाचे आहे आणि तेथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याचा सण साजरा करीत आली आहेत. तेथील भाविकाला तो छत्रीवाल्यांचा रक्षणकर्ता असल्याचे ठाऊक असेलच असे नाही. तो त्यांच्या गावचा संत आहे, एवढे त्यांना पुरते. पण उंचावरून पडण्याची गोष्ट ज्याच्या कथेत आहे त्यालाच उंचावरून उडी घेणाऱ्यांनी आपला मानावा, आणि पडणाऱ्याऐवजी लोटणाऱ्याची बाजू घ्यावी, यात सैनिकी विनोदबुद्धी दिसते.

साधनाच्या बाजूने मोठा बदल 1960 नंतरचा आहे. डॉमिना जॅलबर्ट याने 1964 मध्ये कप्प्याकप्प्यांची, हवा भरून विमानाच्या पंखासारखा आकार घेणारी चौकोनी छत्री शोधली, आणि उडी मारणारा केवळ खाली येण्याऐवजी हव्या त्या दिशेला जाऊ लागला. बिल बूथ याची तीन कड्यांची सुटका-रचना आली, जिच्यामुळे बिघडलेली मुख्य छत्री एका ओढीत सोडून राखीव छत्री उघडता येते. 1991 पासून मिळू लागलेले 'सायप्रेस' हे यंत्र तर बेशुद्ध माणसाची राखीव छत्री ठरावीक उंचीवर आपण होऊन उघडते. जुन्या गोल छत्रीवर शिकलेल्या पिढीला अशी यंत्रे माणसाला गाफील करतात असे वाटत आले आहे. त्यात तथ्य थोडे आहे, परंतु राखीव छत्री नाकारतानाही पटण्याजोगी कारणे पुढे केली गेली होती, आणि ज्यांना ती वेळेवर मिळाली नाही त्यांचे मत कोणी विचारले नाही.

या बदलाचा मराठी चेहरा म्हणजे पुण्याच्या शीतल महाजन. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर घेतलेली उडी ही त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. 2006 च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर त्या उतरल्या आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 च्या फेब्रुवारीत थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून त्यांनी सुमारे 13,000 फुटांवरून घेतलेली उडी वर्तमानपत्रांनी परंपरा आणि आधुनिकता यांचा मेळ म्हणून रंगवली. परंतु त्या उडीकडे पट्ट्यांच्या जुळणीच्या दृष्टीने पाहिले तर काष्ट्याची नऊवारी हीच निवड योग्य ठरते, कारण छत्रीचे मुख्य पट्टे दोन्ही मांड्यांभोवती वळसा घालून आवळावे लागतात आणि पायांमधून मागे खोचलेले वस्त्र त्याला वाव देते. पाचवारी साडीत ते पट्टे बांधताच आले नसते.