जमिनीखालचे नळ

आपल्याकडच्या जुन्या घरातली न्हाणी एकदा डोळ्यांपुढे आणा. बंबात किंवा चुलीवरच्या हंड्यात पाणी तापायचे, घंगाळात विसण घालून ते अंगाला सोसवेल इतके निववायचे, आणि अंगावरून उतरलेले पाणी मोरीतून परसात, केळीच्या आळ्यात जायचे. पाणी आणायचे, तापवायचे आणि त्याला वाट करून द्यायची, अशी ही तीन कामे. घरी ती तिन्ही बहुधा एकटी बाईच करते, म्हणून त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण हेच न्हाणे जमिनीत हौद बांधून करायचे ठरवा, म्हणजे ह्या तीन कामांसाठी केवढा खटाटोप लागतो ते कळेल. हौद बांधणे सोपे. दगड आणला, चुना घोटला की हौद झाला. अवघड असते ते सारे जमिनीच्या पोटात असते, आणि ते कुणाला दिसत नाही.

जळगाव जिल्ह्यात चोपडे तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेव म्हणून ठिकाण आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे दगडी गोमुखातून बारमाही ऊन पाणी कुंडात पडते. शरभंग ऋषींची व्याधी जावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी तेथील कथा आहे. सरकारने १८८० साली खान्देशचे गॅझेटियर छापले, त्यातही ह्या झऱ्याची नोंद आहे. भूगर्भशास्त्राचे जाणकार सांगतात की, नर्मदा आणि तापी ह्या नद्यांच्या खोऱ्यांत जमिनीला खोल भेगा गेलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्या भेगांतून खोल उतरते, तेथे तापते, आणि दाबाखाली पुन्हा वर येते. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते, हे गुरुजींनी मुलांना जरूर सांगावे. म्हणजे उनपदेवाला पाणी आणण्याचे व तापवण्याचे काम निसर्गाने केले. माणसाने केले ते एवढेच, की गोमुख बसवले, कुंड बांधले आणि वाहून जाणाऱ्या पाण्याला वाट दिली.

निसर्गाने जे फुकट दिले नाही, ते मिळवण्यासाठी काय करावे लागले, हे पाहायचे तर उनपदेवाहून सातपुड्याच्या कडेकडेने पूर्वेला चला. यावल, रावेर मागे टाकले की बऱ्हाणपूर. आज हे गाव मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खान्देशाची ती राजधानी. फारुकी सुलतानांची पहिली गादी आपल्या शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरची. पुढे नासिरखानाने असीरगड घेतला व तापीकाठी बऱ्हाणपूर वसवले. १६०१ च्या आरंभी अकबराने असीरगड जिंकला आणि खान्देश मोगलांकडे गेला. त्यानंतर बऱ्हाणपूर ही दक्षिणेच्या स्वाऱ्यांची छावणीच होऊन बसली. सरदार, फौजा, हत्ती, उंट, व्यापारी असा सगळा गराडा! इतक्यांना पाणी कोठून पुरवायचे? तापी खाली, गाव वर उंचावर. शिवाय उघड्या पाण्यात शत्रूने विष कालवले तर काय घ्या, ही धास्ती निराळीच.

तेव्हा अब्दुर्रहीम खानखानान हा तेथला सुभेदार होता. हिंदीत ज्याचे दोहे आजही म्हणतात तोच हा रहीम. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, इराणी पद्धतीचे भुयारी कालवे खोदण्यात आले. तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ह्या जागा हेरल्या असे सांगतात. एकंदर आठ कालवे होते. त्यांतला आज सर्वांत नावाजलेला तो कुंडी भंडारा. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात.

आता हे काम कसे केले ते नीट समजून घ्या, कारण खरी गंमत त्यातच आहे. सातपुड्यावर पडलेले पाणी पायथ्याच्या गोटेरी-मुरमाड जमिनीत मुरते आणि आतल्या आत, दक्षिणेला तापीकडे सरकत राहते. ते मध्येच गाठायचे. डोंगराच्या बाजूला एक खोल विहीर खणायची. तेथून गावाच्या रोखाने, थोड्या थोड्या अंतरावर, एका ओळीत विहिरी खणत यायचे. ह्याच त्या कुंड्या. मग एका कुंडीच्या तळापासून दुसरीच्या तळापर्यंत भुयार फोडायचे, आणि त्या भुयाराला इतका बेताचा उतार द्यायचा, की पाणी थांबणार नाही आणि धावणारही नाही. थांबले तर गाळ बसेल, धावले तर भुयार खरवडून निघेल. डोंगराकडच्या कुंड्या सुमारे ऐंशी फूट खोल आहेत. गावाकडे येताना खोली कमी कमी होत जाते, कारण जमीन भुयारापेक्षा लवकर उतरते. अशा शंभरावर कुंड्या, सुमारे तीन किलोमीटर लांबीत! मोट नाही, रहाट नाही, बैल नाही, की इंजिन नाही. पाणी आपल्या पायांनी गावात येते.

कुंड्यांची कामे तीन. खणताना माती-दगड वर काढायचे ते ह्यांतून. पुढे साफसफाईला माणूस उतरतो तो ह्यांतून. आणि भुयारात हवा खेळती राहते तीही ह्यांच्यामुळे. पुण्याला नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजहून पाणी आणले, त्या नळालाही असेच वाट काढून दिलेले मनोरे आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणत. नळालाही श्वास घ्यावा लागतो, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. आज शहरातल्या घरांवर एखादा उघड्या तोंडाचा नळ नुसताच उभा दिसतो आणि हा कशाला म्हणून आपण विचारतो. तो ह्याच घराण्यातला, बरं का!

भुयारातले पाणी जाली करंज नावाच्या हौदात गोळा होई आणि तेथून पुढे खापरी नळांनी शहरात जाई. खापरी नळ म्हणजे कुंभाराने चाकावर केलेले, भाजलेल्या मातीचे नळ. एकाचे निमुळते तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचे, सांधा चुन्याने भरायचा, आणि वर चुना-विटांचे आवरण करून जमिनीत पुरायचे. गाडीच्या चाकाखाली नळ फुटू नये म्हणून ही काळजी.

अशा पाण्यावर बऱ्हाणपुरातला शाही हमाम चाले. किल्ल्यात, तापीच्या काठावर, तो आजही उभा आहे. छतावर रंगीत वेलबुट्टी आहे, मधोमध अष्टकोनी हौद आहे. शाहजहानने तो बेगम मुमताजमहलसाठी सजवला, असे सांगण्याची रीत आहे. हमामाची रचना सगळीकडे साधारण एकच असते. भिंतीपलीकडे भट्टी, भट्टीवर तांब्याचे मोठे भांडे, तेथून उन्हाचा एक नळ व थंडाचा एक नळ. पुष्कळ ठिकाणी भट्टीचा धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरवून मग धुराड्याने वर सोडत, म्हणजे पायाखालची फरशी आपोआप ऊन होई. आत न्हाणाऱ्याला ना लाकूड दिसे, ना धूर, ना भट्टीपाशी घामाने निथळणारा माणूस. त्याच्यापर्यंत सुगंधी पाणी तेवढे पोचे.

आणि बाहेर काय चालले होते? शाहजहान बऱ्हाणपुरास १६३० ते १६३२ ह्या काळात मुक्काम करून होता. गुजरात, खान्देश आणि दख्खनवर ह्याच वर्षांत भयंकर दुष्काळ कोसळला. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा तेव्हाचा हमरस्ता आपल्याच नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर ह्या गावांवरून जाई. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३० च्या अखेरीस ह्या रस्त्याने गेला. वाटेवर पडलेली प्रेते आणि ओस पडलेली गावे ह्यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. बादशहाने बऱ्हाणपूर, सुरत व अहमदाबाद येथे लंगर उघडले, काही सारा माफ केला, अशी दरबारी इतिहासकाराची नोंद आहे. ती खरीही असेल. पण दख्खनची मोहीम काही थांबली नाही. फौजेचे दाणागोटा-वैरण ह्याच मुलखातून चालले होते. जून १६३१ मध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरातच बाळंतपणात वारली. तिच्यासाठी इतिहासाने ताजमहाल लक्षात ठेवला. चोपड्या-रावेरच्या वाटेवर जे पडले त्यांची नावे कुठल्या दप्तरात नाहीत. हमामाचे रंगीत छत पाहताना हेही आठवणे बरे, असे मला वाटते.

असो. आता पश्चिमेला, धुळ्याकडे वळू. पांझरा, कान ह्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावरून फड. पाणी कुणाला केव्हा हे पाटकरी पाहतो, राखणीला जागल्या असतो, आणि पाटातला गाळ साऱ्या बागायतदारांनी मिळून काढायचा असतो. इथला पाट उघडा आणि बऱ्हाणपूरचा झाकलेला, एवढाच फरक. दोन्हींचा धर्म उताराचा.

ह्याच पांझरेवर एका तरुण इंजिनियराने आपले पहिले काम केले. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या कॉलेजातून परीक्षा पास होऊन १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा वय अवघे तेवीस. त्यांना खान्देशात पाठवले आणि साक्री तालुक्यात दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाटाचे पाणी नळाने पलीकडे न्यायला सांगितले. नदी आडवी आली की पाटाने काय करायचे? बुडी मारायची आणि पलीकडे वर यायचे! ह्याला सायफन म्हणतात. पावसाळा लागला, पूर आले, वाळूने खोदकाम भरू लागले. विश्वेश्वरय्यांनी काम पावसाळ्यानंतर करू म्हणून वर लिहिले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा त्यांनी हट्टाने काम पुन्हा हाती घेतले आणि तडीस नेले. पुढे कृष्णराजसागर बांधणाऱ्या ह्या थोर पुरुषाची उमेदवारी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या वाळूत झाली, हे तेथल्या शाळांतून सांगितले जाते की नाही कोण जाणे.

शिक्षक मित्रांनी हा प्रयोग वर्गात करावा. हातभर पारदर्शक रबरी नळी घ्या, ती मध्ये वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक वर करा, खाली करा. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखीच राहते. मधला भाग कितीही खाली गेला तरी बिघडत नाही. दातर्तीचा नळ हेच करतो. गवंडी पाया आखताना पाणसळ लावतो तीही ह्याच नियमावर.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले बादशाही आणि इंग्रजी अमदानीचे. आजचे काय? आज शेतातल्या घरीसुद्धा जमिनीत फरशीबंद हौद करून, त्यात ऊन पाणी खेळवणारे हौशी लोक आहेत. भट्टीची जागा विजेच्या हीटरने घेतली, उताराची जागा पंपाने. पण चर खणायचाच आहे. नळ टाकायचेच आहेत. आणि चांगला कारागीर आजही नळ बुजवण्यापूर्वी त्यांत पाणी दाबून भरून, एक रात्र ठेवून, सांधे तपासतो. एकदा फरशी बसली की गळती शोधायला अंगण फोडावे लागते. विजेची गोष्ट मात्र नवी आहे आणि जिवाशी खेळ आहे. खापरी नळ गळला तर चिखल होई, तार गळली तर माणूस जातो. म्हणून वायर नळापासून वेगळ्या पाइपातून न्यावी, अर्थिंग पक्के करावे, आणि गळती होताच वीज तोडणारे बटण, ज्याला इलेक्ट्रिशियन ईएलसीबी म्हणतात, ते बसवल्याशिवाय पाण्याजवळ वीज आणू नये. विहिरीवरच्या मोटारीलाही हाच नियम आहे.

पण पंप आल्याने एक निराळीच अडचण उभी राहिली आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा गोटेरी पट्टा चोपडे, यावल, रावेर तालुक्यांतून थेट बऱ्हाणपूरकडे जातो. जाणकार त्याला बझाडा म्हणतात. कुंडी भंडाऱ्याला पाणी मिळाले ते ह्याच जातीच्या जमिनीतून. आणि आपल्या केळीच्या बागा पिकल्या त्याही ह्याच्याच जिवावर. यावल-रावेरकडे जेथे एके काळी मोटेने पाणी निघे, तेथे आता कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या आहेत. भुयाराची गोष्ट वेगळी होती. डोंगरातून जेवढे झिरपेल तेवढेच ते घेई, त्याहून थेंबभर जास्त त्याला घेताच येत नसे. पंपाला ती मर्यादा नाही.

बऱ्हाणपूरच्या आठ कालव्यांपैकी सगळे आज चालू नाहीत. कुंडी भंडाऱ्यातही पाण्यातला चुना भिंतींवर थरावर थर बसून वाट अरुंद करत असतो. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव आले आहे. भुयार पाहता यावे म्हणून पाळण्याने कुंडीत उतरण्याची सोयही तेथे केलेली आहे. सहल न्यायची असेल तर भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने बऱ्हाणपूरला उतरावे. स्टेशन लालबागेत आहे आणि कुंड्यांची ओळ त्याच बाजूला आहे. मुलांना कुंड्या मोजायला लावा, आणि उत्तरेकडे सातपुडा कोठे दिसतो ते विचारा. परतताना रावेर-यावलच्या बाजूने या. सुकी, मोर ह्या नद्या डोंगरातून उतरतात तेथे बझाड्याचे गोटे उघडे पडलेले दिसतात. पावसाळ्यात हे गोटे पाणी कसे गिळतात, ते तेथल्या कुणाही शेतकऱ्याला विचारावे.