मानेवरची गाठ ते लग्नगाठ : विषाणू, लसिका ग्रंथी आणि हिवरे बाजार



हिवरे बाजार म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा पाणी आठवतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे परवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, हे छोटं गाव. पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास. 1972च्या दुष्काळानंतर घरंच्या घरं पोटासाठी बाहेर पडली. पुढे 1990च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान या पाच सूत्रांवर गाव पुन्हा उभं राहिलं. हे सगळं आपण अनेकदा ऐकलेलं आहे.

पण याच गावाचा आणखी एक नियम आहे. त्याची चर्चा पाण्याइतकी होत नाही. लग्न ठरलं की आधी एचआयव्हीची चाचणी करायची. आज मला या नियमामागचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो सुरू होतो मानेवरच्या एका गाठीपासून.

आता गाठ म्हणजे काय, ते आधी बघू. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. दात किडला की जबड्याखाली गाठ येते. या लसिका ग्रंथी. वेशीवरच्या चौकीसारखं त्यांचं काम. जंतू आत शिरला की तिथे त्याला अडवतात, ओळख पटवतात, आणि पांढऱ्या पेशींची फौज वाढवतात. म्हणून ग्रंथी सुजते. जखम बरी झाली की अवधाण उतरतं.

उतरलं नाही तर? आपल्या गावांमध्ये या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच होतं : गंडमाळ. म्हणजे मानेच्या ग्रंथींचा क्षय. आणि हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरही असे, कारण क्षय घरोघरी होता. अडचण होते ती उरलेल्या रुग्णांची.

1832 साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरने एक निबंध मांडला. सात रुग्ण. ग्रंथी आणि प्लीहा सुजलेल्या, आणि त्याचं म्हणणं असं की ही सूज दुसऱ्या कुठल्या रोगाची सावली नाही, रोग ग्रंथीतच आहे. लक्षात घ्या, हे त्याने सूक्ष्मदर्शकाशिवाय, केवळ शवविच्छेदनात डोळ्यांनी बघून सांगितलं. त्या सातही जणांना तोच आजार नव्हता, हे पुढे कळलं. पण प्रश्न बरोबर होता. निबंधाकडे फारसं कुणी बघितलं नाही. 1865 मध्ये सॅम्युअल विल्क्सने त्या आजाराला हॉजकिनचं नाव दिलं, तेव्हा कुठे तो रुळला.

तरी क्षयाची सावली सुटेना. 1898 साली व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्गने या गाठींमधल्या मोठ्या, एकाहून जास्त केंद्रकं असलेल्या पेशींचं वर्णन केलं, आणि निष्कर्ष काढला की हा क्षयाचाच एक प्रकार आहे. 1902 मध्ये अमेरिकेत डॉरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी त्याच पेशी बघितल्या आणि ठामपणे सांगितलं की हा क्षय नाही. आज त्या पेशींना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. म्हणजे बघा, पेशी तीच, पाहणारे दोघं, आणि निदान दोन. ग्रंथी कापून, रंगवून, काचेखाली वाचणं हा नुसता उपचार नाही, तो वाद मिटवण्याचा मार्ग आहे.

आपल्याकडे ही वाचनाची परंपरा रुजवणाऱ्यांत पहिलं नाव वसंत रामजी खानोलकरांचं. गोमंतकीय घराणं, लंडनचं शिक्षण. मुंबईच्या ग्रँट आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवलं. 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. त्यांची खोड अशी, की नमुना बघून ते थांबत नसत, माणूस कुठला, काय खातो, काय नेसतो, हेही विचारत. कमरेला धोतर घट्ट बांधून वर्षानुवर्षं घर्षण झालेल्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी 1945 साली नोंदवला. रोग कुणाला होतो आणि कुठे होतो, यातच त्याचं कारण दडलेलं असतं, ही त्यांची धारणा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा शोध नेमका अशाच विचारातून लागला.

1957 साल. युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे शल्यचिकित्सक होते. जबडे सुजलेली लहान मुलं त्यांच्याकडे येऊ लागली. झपाट्याने वाढणारी, जीव घेणारी गाठ. बर्किटनी हातात नकाशा घेतला. 1961 साली दोन सहकाऱ्यांबरोबर एका जुन्या गाडीतून पूर्व आफ्रिकेत सुमारे 10,000 मैल फिरले, दवाखान्यादवाखान्यात फोटो दाखवून विचारलं, असं मूल बघितलंय का? आणि दिसलं काय, तर उष्ण, पावसाच्या, मलेरियाच्या पट्ट्यात हा रोग आहे, उंच थंड भागात नाही.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन होते. त्यांना वाटलं, हवामानाशी बांधलेला कर्करोग म्हणजे मागे विषाणू असणार. मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षं काही सापडलं नाही. डिसेंबर 1963 मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरलं, नमुना उशिरा पोचला, बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. वाटलं, नासला. पण बघितलं तर त्या पाण्यात गाठीतल्या पेशी सुट्या होऊन जिवंत तरंगत होत्या. अशा पेशी वाढवता आल्या, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसला. 28 मार्च 1964च्या लॅन्सेटमध्ये एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांचा लेख आला. माणसात कर्करोगाशी जोडलेला हा पहिला विषाणू. एप्स्टाइन-बार.

आता गंमत अशी, की हा विषाणू तुमच्या-माझ्यातही बहुधा आहे. जगातल्या दहांतल्या नऊ प्रौढांमध्ये तो असतो. लहानपणी लाळेवाटे येतो, बी पेशींमध्ये मुक्काम ठोकतो आणि आयुष्यभर गप्प राहतो. पुढे 1980च्या दशकात हॉजकिनच्या गाठींमधल्या त्या रीड-स्टर्नबर्ग पेशींमध्येही तो सापडला. सगळ्या रुग्णांत नाही, पण आपल्यासारख्या देशांत, विशेषतः मुलांमध्ये, मोठ्या प्रमाणात.

मग सगळ्यांना लिम्फोमा का होत नाही? कारण पहारा असतो. टी पेशी या बी पेशींना काबूत ठेवतात. आफ्रिकेत मलेरियाने हा पहारा ढिला केला आणि बी पेशींना सतत वाढायला लावलं. थोडक्यात, विषाणू एकटा पुरेसा नसतो. पहारा मोडावा लागतो.

आणि 1981 साली पहारा मोडणारा आजार जगासमोर आला. त्याचं नाव पुढे एड्स पडलं. 1982 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉन झीगलर यांनी चार तरुण पुरुषांमध्ये बर्किटसारखा लिम्फोमा नोंदवला. हे झीगलर कोण? युगांडात बर्किटच्या रोगावर काम करून आलेले. त्यांनी ती गाठ ओळखली, कारण ती आधी बघितली होती.

याच काळात आणखी एक चिन्ह दिसत होतं. अनेक तरुणांच्या मानेत, काखेत महिनोन्‌महिने न उतरणाऱ्या गाठी. जानेवारी 1983 मध्ये पॅरिसला अशाच एका रुग्णाच्या मानेची ग्रंथी काढून पाश्चर संस्थेत नेली. फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या प्रयोगशाळेत त्यातून विषाणू मिळाला. त्याचं पहिलं नावच ग्रंथीसुजेवरून पडलं. एचआयव्ही हे नाव 1986चं. म्हणजे ज्या विषाणूची चाचणी हिवरे बाजारात लग्नाआधी होते, तो विज्ञानाला पहिल्यांदा सापडला तोही मानेवरच्या गाठीत.

भारतात तो कुणी शोधला? पुन्हा मराठी माणूस येतो, पण चेन्नईतला. डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. 1986 साली मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि ते वेल्लोरला नेऊन तपासले. सहा निघाले. आपल्या देशात असं काही नाही, असं तोवर मोठमोठे लोक सांगत होते. पुढे 1993 मध्ये सोलोमन यांनी वडिलांच्या नावे संस्था काढली, आणि बाधितांची आपसांत लग्नं जुळवून देण्याचं कामही केलं.

महाराष्ट्र त्या वेळी सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांपैकी एक होता. 1992 साली पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. पण मोफत औषधं यायला 2004 उजाडलं. मधली वर्षं फार वाईट होती. आणि त्या वर्षांत कितीतरी बायकांना नवऱ्याकडून लागण झाली, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

आता हिवरे बाजारच्या नियमाकडे परत या. गावातून माणसं बाहेर जातात, शहरात राहतात, परत येतात. लग्न म्हणजे एका अनोळखी घरावर ठेवलेला विश्वास. पत्रिका आपण बघतोच, मग रक्त का बघू नये? ग्रामसभेने हा प्रश्न उघड विचारला. ज्या काळात या रोगाचं नाव घ्यायला लोक घाबरत होते, त्या काळात चावडीवर हा विषय निघणं, ही मोठी गोष्ट आहे.

पण इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. बाधित माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित राहतो, असं सर्वोच्च न्यायालय 1998 साली म्हणालं होतं, आणि 2002 मध्ये त्याच न्यायालयाने ते विधान अनावश्यक ठरवलं. 2017चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सांगतो की चाचणीला संमती हवी, आणि निकाल गुप्त राहायला हवा. लहान गावात गुप्तता किती टिकते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय लागण नुकतीच झालेली असेल तर चाचणी ती चुकवू शकते, आणि लग्नानंतरच्या आयुष्याची हमी कुठलीच चाचणी देत नाही.

मग नियमाचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग असा, की तो प्रश्न गाठीच्या आधी विचारतो. हॉजकिनने मृत्यूनंतर ग्रंथी बघितली. रीडबाईंनी आजारात बघितली. आज रक्ताच्या थेंबावरून गाठ येण्याच्या कितीतरी वर्षं आधी कळतं. वेळेवर औषधं सुरू झाली तर टी पेशींचा पहारा टिकतो, लिम्फोमाचा धोका खूप कमी होतो, आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबला की जोडीदाराला शरीरसंबंधातून लागणही होत नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा चाचणीनंतर माणसाला दवाखान्याचं दार उघडं असतं. नुसतं मांडवाचं दार बंद केलं, तर माणूस चाचणीच टाळतो, आणि मग आपण पुन्हा गाठीपाशीच येऊन थांबतो.

शेवटी एकच घरी न्यायची गोष्ट. तीन-चार आठवड्यांत न उतरणारी, किंवा वाढत जाणारी गाठ असेल, ताप, रात्री दरदरून घाम, वजन उतरणं असेल, तर "गंडमाळ असेल" म्हणून थांबू नका. क्षयाची औषधं सुरू करण्याआधी गाठीचा तुकडा तपासला का, हे डॉक्टरांना विचारा. सुईने काढलेल्या चार पेशींवर लिम्फोमा नेहमी कळत नाही, कधी अख्खी ग्रंथी काढून बघावी लागते. आणि त्याच वेळी एचआयव्हीची चाचणी करून घ्या. क्षय, लिम्फोमा आणि एचआयव्ही, तिघंही त्याच ग्रंथीत येतात, कधी एकत्रही येतात. बाहेरून हात लावून त्यांच्यातला फरक हॉजकिनलाही कळला नसता.