वितळजोडकामातील भेगा व त्यांचा प्रतिबंध

उच्चबल पोलादाच्या जाड प्लेटी वितळवून जोडताना सांध्यात किंवा त्यालगतच्या उष्णताबाधित पट्ट्यात भेगा पडण्याचा संभव असतो. औष्णिक विद्युत् केंद्रातील बाष्पित्राचे (बॉयलरचे) पिंप हे जाड प्लेटींच्या जोडकामाचे परिचित उदाहरण होय. नाशिकजवळील एकलहरे येथील केंद्रात १९७९–८१ या काळात प्रत्येकी २१० मेवॉ. क्षमतेचे तीन संच सुरू झाले. एवढ्या क्षमतेच्या बाष्पित्राच्या पिंपाची भिंत १०० मिमी.हून जाड असते आणि आतील दाब वातावरणीय दाबाच्या शंभर पटींहून अधिक असतो. अशा पिंपातील न दिसलेली भेग कामगारांच्या जिवावर बेतू शकते.

कारणे : जाड प्लेट सांध्यातील उष्णता वेगाने शोषून घेते. शीघ्र शीतनामुळे लगतचे पोलाद कठीण व ठिसूळ बनते. विद्युत् अग्राच्या आवरणातील ओलाव्यापासून निघालेला हायड्रोजन त्यात शिरतो. आकुंचनाने ताण निर्माण होतो. परंतु जाड प्लेटी वाकत नसल्याने तो सांध्यातच राहतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे भेग पडते. पुष्कळदा ती काम संपल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी पडते.

इतिहास : पूर्वी पिंपे रिव्हेटांनी जोडीत. अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेने १९३१ मध्ये वितळजोड पिंपांना मान्यता दिली. पोलादाची भेगाळण्याची प्रवृत्ती रासायनिक संघटनावरून ठरविण्यासाठी डिअर्डन व ओनील यांनी १९४० मध्ये कार्बन-तुल्यांकाचे सूत्र मांडले. तरीही अपघात थांबले नाहीत. मेलबर्न येथील किंग स्ट्रीट पुलाच्या उच्चबल पोलादाच्या तुळया १९६२ मध्ये जोडाजवळील भेगांमुळे तुटल्या. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे १९६५ मध्ये सु. १५० मिमी. जाडीचे दाबपात्र जलदाब चाचणीत फुटले व त्याचा सु. दोन टनांचा तुकडा सु. ४६ मी. दूर फेकला गेला. स्कॉटलंडमधील कॉकेन्झी केंद्राचे सु. १४० मिमी. जाडीचे पिंपही १९६६ मध्ये अशाच चाचणीत फुटले. त्यातील मूळ भेग उष्णता संस्करणाच्या वेळीच अस्तित्वात होती. ती तपासणीत आढळली नव्हती.

प्रतिबंध : या अनुभवांतून आजची पद्धत घडली. जोडण्यापूर्वी प्लेट तापवितात (पूर्वतापन), म्हणजे शीतन मंदावते व हायड्रोजन बाहेर पडण्यास अवधी मिळतो. अल्पहायड्रोजनी विद्युत् अग्रे भट्टीत सु. ३००–३५० से. तापमानात सुकवून वापरतात. थर घालताना तापमान उतरू देत नाहीत. काम संपल्यावरही उष्णता काही काळ टिकवितात. नंतर ताण कमी करण्यासाठी सु. ६०० से.च्या वर उष्णता संस्करण करतात. भेग उशिरा पडत असल्याने अंतिम तपासणी काही काळ थांबून, सामान्यतः ४८ तासांनी, श्राव्यातीत तरंगांनी करतात आणि संस्करणानंतर ती पुन्हा करतात.

भारतात बाष्पित्रांच्या जोडकामाची परीक्षा १९५० च्या भारतीय बाष्पित्र विनियमांनी बंधनकारक केली. त्यांचा आधार असलेल्या १९२३ च्या अधिनियमाची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली. तथापि नियमांचे फळ कारागिराच्या हाती असते. घाईने वगळलेले पूर्वतापन किंवा ओले विद्युत् अग्र यांचा दोष त्या दिवशी दिसत नाही. तो दाब चढल्यावर प्रकट होतो.