संत्र्यावरची बुरशी आणि मुकी जनुके

पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याच्या ढिगात हिरवट बुरशी धरलेले फळ दिसले की ते उकिरड्यावर फेकावे, एवढाच आपल्या घराण्यांचा बुरशीशी संबंध. ती बुरशी पेनिसिलियम कुळातली. १९२८ मध्ये लंडनला फ्लेमिंग यांच्या बशीत जी नकळत उगवली, तिची ही चुलत बहीण. मात्र हिच्यापासून पेनिसिलिन मिळत नाही.

१९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यरचनेत आम्ही भोपाळकडे गेलो. औषधाला सीमा नव्हती, हे बरे. बाळंतपणातील ताप, गळवे, फुफ्फुसांचा दाह यांनी घरे कशी ओस पडत, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. पिंपरीच्याच प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस या मातीतील जिवाणूपासून बुरशीनाशक हॅमायसीन शोधले; त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची राहिली.

माती आणावी, जीव वाढवावा, त्याच्या रसाने जंतू मरतात का पाहावे, ही त्या काळची रीत. पुढे तीच तीच द्रव्ये हाती येऊ लागली आणि जंतू जुन्या औषधांना दाद देईनात. बुरशीचे भांडार संपले, असे वाटू लागले. परंतु २००५ मध्ये ॲस्परजिलस निड्युलान्ससह तीन बुरश्यांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की द्रव्ये घडविणाऱ्या जनुकांचे गट ज्ञात द्रव्यांहून पुष्कळ अधिक आहेत. प्रयोगशाळेत आयते खाद्य मिळणाऱ्या बुरशीला त्यांची गरज पडत नाही, म्हणून ती मुकी राहतात. नोकरीत आम्ही अभिलेखागारातील बस्ते वर्षानुवर्षे बांधलेले पाहिले. वाद उभा राहिला तरच कोणी गाठ सोडी. येथेही डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असली की जनुक वाचले जात नाही.

गाठ सोडण्याचे काही उपाय सापडले. २००७ मध्ये अशा एका गटाचे नियंत्रक जनुक मुद्दाम चालू करून ॲस्पिरिडोन ही द्रव्ये मिळविली गेली. गुंडाळी सैल करणारी रसायनेही वापरली जातात. आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटला तो २००९ मधील जर्मनीतील येना येथील प्रयोग. त्याच ॲस्परजिलसजवळ मातीतील ५८ जिवाणू आळीपाळीने वाढविले. त्यांपैकी एका स्ट्रेप्टोमायसिसने, पिंपरीच्या जिवाणूच्या भाऊबंदाने, बुरशीला जागे केले. तेही प्रत्यक्ष स्पर्श झाला तेव्हाच. त्यातून निघालेल्या द्रव्यांपैकी लेकॅनोरिक आम्ल एरवी दगडफुलाच्या वर्गात आढळते. आपल्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे तरी काय, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसारच.

जागे झालेले प्रत्येक द्रव्य औषध ठरते असे नाही. काही विषारीही निघतात. तरी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहात ज्या बुरश्या जपून ठेवल्या आहेत, त्यांतील एकट्याने वाढविताना काहीच न देणाऱ्यांना आता शेजारी देऊन पाहावे लागेल. उकिरड्यावरच्या संत्र्याला तो शेजार फुकटच मिळतो.