रायफलवरील लघु रेड डॉट साईट

लघु रेड डॉट साईट हे रायफलवर बसवण्याचे, नेम धरण्यासाठी वापरले जाणारे छोटे प्रकाशीय साधन आहे. त्याच्या काचेतून पाहिले असता समोरच्या दृश्यावर एक लाल ठिपका तरंगताना दिसतो. साईट आणि रायफलची नळी यांचा मेळ आधी घालून ठेवलेला असल्यास गोळी त्या ठिपक्याच्या जागी लागते. हे साधन दुर्बिणीप्रमाणे लक्ष्य मोठे करून दाखवत नाही. नेम धरण्याची क्रिया सोपी आणि जलद करणे हे त्याचे काम आहे. सैन्यदले, पोलीस, काही देशांतील शिकारी आणि वेगवान नेमबाजीच्या स्पर्धांतील खेळाडू त्याचा वापर करतात.

या प्रकारच्या साईट बाहेरून बऱ्याच सारख्या दिसतात. मात्र ठिपक्याचा आकार, काचेचा व्यास, बॅटरीचे आयुष्य, बसवण्याची उंची आणि तापमान बदलल्यावरचे वर्तन यांत त्या भिन्न असतात. त्यामुळे निवड करताना दोन प्रश्न मुख्य ठरतात: गरजेच्या क्षणी ठिपका दिसेल का, आणि तो जिथे दिसतो तिथेच गोळी लागेल का.

कार्यतत्त्व

पारंपरिक रायफलीत नेम धरताना मागील खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. या तिन्ही गोष्टी डोळ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य धूसर होते. वाढत्या वयात जवळची दृष्टी मंदावल्यावर ही अडचण वाढते.

रेड डॉट साईटमध्ये एक सूक्ष्म एलईडी दिवा वक्र काचेच्या नाभीवर बसवलेला असतो. काचेच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ विलेपन असते. ते दिव्याचा लाल प्रकाश परावर्तित करते आणि इतर रंगांचा बहुतेक प्रकाश आरपार जाऊ देते. नाभीवरून निघालेले किरण परावर्तनानंतर समांतर होऊन डोळ्यात शिरतात. समांतर किरण अतिदूरच्या वस्तूकडून आल्यासारखे भासत असल्याने ठिपका काचेवर न दिसता दूर, लक्ष्याच्या पातळीवर असल्यासारखा दिसतो. नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवून आणि नजर लक्ष्यावरच ठेवून नेम धरू शकतो. ठिपक्याचा प्रकाश परावर्तित होऊन नेमबाजाकडेच येतो. लेझर किरणाप्रमाणे तो लक्ष्यावर पडत नाही.

इतिहास

परावर्ती साईटची कल्पना डब्लिन येथील दुर्बीणनिर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, जर्मन लढाऊ विमानांवर अशा साईट बसवल्या गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या लढाऊ विमानांचा नेहमीचा भाग बनल्या. हातातील बंदुकीवर त्या रुळण्यास वेळ लागला, कारण लहान, कमी वीज खाणारा आणि धक्के सोसणारा प्रकाशस्रोत उपलब्ध नव्हता.

मधल्या काळात एक निराळा प्रकार वापरात आला. त्यात साईटमधून आरपार दिसत नसे. एका डोळ्याला फक्त ठिपका आणि दुसऱ्या डोळ्याला लक्ष्य दिसे, आणि मेंदू दोन्ही प्रतिमा एकत्र करी. नोव्हेंबर १९७० मध्ये उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील युद्धबंद्यांच्या छावणीवर टाकलेल्या छाप्यात अमेरिकी सैनिकांनी अशा साईट वापरल्या होत्या.

एलईडीच्या आगमनानंतर स्वीडनच्या एमपॉइंट या कंपनीने १९७५ मध्ये आपली पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साईट बाजारात आणली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी लष्कराने या कंपनीची साईट एम ६८ या नावाने मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. २००७ मध्ये आलेल्या मायक्रो मालिकेतील साईटचे वजन आधारपट्टी वगळून सुमारे ८४ ग्रॅम होते. ‘लघु’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुढील अनेक साईटनी हाच आकार कमीअधिक प्रमाणात प्रमाण मानला.

प्रकार

बंद नळीची साईट: यात दिवा आणि परावर्ती काच दोन्ही बाजूंनी काचा असलेल्या बंद नळीत असतात. पाऊस, चिखल किंवा धूळ दिव्यापर्यंत पोहोचत नाही. रायफलसाठी हा प्रकार सर्वाधिक प्रचलित आहे.

उघडी साईट: यात चौकटीत एकच काच असते आणि दिवा उघड्यावर असतो. ती हलकी असते व दृश्य कमी अडवते. मात्र दिव्यावर पाण्याचा थेंब किंवा मातीचा कण बसल्यास ठिपका विस्कटतो किंवा नाहीसा होतो. पिस्तुलांवर हा प्रकार अधिक आढळतो.

होलोग्राफिक साईट: यात एलईडीऐवजी लेझर डायोड असतो आणि काचेत नोंदवलेल्या होलोग्राममधून नेमाचे चिन्ह दिसते. ही तांत्रिकदृष्ट्या रेड डॉट साईट नव्हे, पण खरेदीदार बहुधा दोहोंची तुलना करतात.

प्रिझम साईट: यात नेमाचे चिन्ह काचेवर कोरलेले असते. बॅटरी संपली तरी ते काळे दिसत राहते. मात्र डोळा विशिष्ट अंतरावरच ठेवावा लागतो.

निवडीचे निकष

ठिपक्याचा आकार: ठिपक्याचा आकार कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. व्यवहारात तिला एमओए म्हणतात. १०० मीटर अंतरावर एक कला सुमारे २.९ सेंटिमीटर भरते. म्हणून २ कलांचा ठिपका १०० मीटरवर सुमारे ५.८ सेंटिमीटर आणि ४ कलांचा ठिपका सुमारे ११.६ सेंटिमीटर जागा झाकतो. मोठा ठिपका जवळच्या लक्ष्यावर चटकन सापडतो; लहान ठिपका दूरचे लक्ष्य कमी झाकतो. रायफलसाठी सामान्यतः २ कलांचा ठिपका पसंत केला जातो.

काचेचा व्यास: मोठ्या काचेतून ठिपका शोधणे सोपे जाते, विशेषतः आडव्या किंवा अवघडलेल्या स्थितीतून नेम धरताना. परंतु काच वाढली की वजन आणि फुटण्याचा धोकाही वाढतो.

पराशय: डोळा काचेच्या मध्यापासून बाजूला सरकल्यावर ठिपका लक्ष्यावरून हलल्यासारखा दिसतो, याला पराशय म्हणतात. किरण पूर्णतः समांतर असतील तर ही चूक डोळा जितका सरकला तितकीच राहते. अंतर वाढले तरी ती वाढत नाही. २० मिलिमीटर व्यासाच्या काचेत ती १० मिलिमीटरहून अधिक होऊ शकत नाही. प्रत्यक्षात काच सदोष असल्यास किरण किंचित तिरपे निघतात आणि चूक अंतरासोबत वाढत जाते. त्यामुळे कोणतीही साईट ‘पराशयमुक्त’ आहे हा दावा काटेकोर अर्थाने घेऊ नये. दूरच्या लक्ष्यासाठी ठिपका काचेच्या मध्याजवळ ठेवणे केव्हाही हिताचे असते.

बॅटरी: चांगल्या एलईडी साईट सीआर २०३२ या बटणासारख्या बॅटरीवर मध्यम प्रकाशमानाला ५०,००० तास, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, सतत चालू राहतात. अशी साईट बंदच करावी लागत नाही आणि बॅटरी ठरावीक दिवशी दरवर्षी बदलणे पुरेसे होते. काही साईट हालचाल थांबल्यावर आपोआप बंद होतात व रायफल उचलताच चालू होतात; काहींना सौर पट्टीची जोड असते. होलोग्राफिक साईटचे आयुष्य मात्र शेकडो तासांत मोजले जाते, म्हणून ती वापरानंतर बंद करण्याची शिस्त लागते.

बसवण्याची उंची: साईट नळीच्या वर असल्याने नजरेची रेषा आणि गोळीचा मार्ग यांत अंतर राहते. एआर-१५ प्रकारच्या रायफलीत हे अंतर साधारणतः साडेसहा सेंटिमीटर असते. ५० मीटरवर मेळ घातलेल्या अशा रायफलीची गोळी ५ मीटरवर ठिपक्याच्या जवळपास ६ सेंटिमीटर खाली लागते. अधिक उंच आधारपट्टी मान ताठ ठेवू देते, पण जवळच्या अंतरावरील हा फरक आणखी वाढवते. आधारपट्टी योग्य उंचीची असल्यास रायफलची खाच आणि माशीही काचेतून दिसू शकतात, आणि ठिपका विझल्यास त्यांचा आधार मिळतो.

नेमबाजाची दृष्टी: चष्म्याला सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांना गोल ठिपका पसरट, शेपटीसारखा किंवा द्राक्षांच्या घडासारखा दिसू शकतो. अनेकदा हा साईटचा नव्हे, तर डोळ्याचा दोष असतो. ठिपक्याचे छायाचित्र काढल्यास किंवा साईट फिरवून पाहिल्यास तो ओळखता येतो: छायाचित्रात ठिपका गोल दिसला, किंवा साईट फिरवूनही विस्कटलेपणाची दिशा बदलली नाही, तर दोष डोळ्याचा समजावा. चष्मा लावल्याने किंवा प्रकाशमान कमी केल्याने फरक पडतो. न पडल्यास प्रिझम साईटचा पर्याय उरतो.

काही प्रचलित साईटची तुलना

एमपॉइंट मायक्रो टी-२: २ कलांचा ठिपका, सुमारे ५०,००० तास बॅटरी, २५ मीटर खोलीपर्यंत जलरोधक. वजन आणि टिकाऊपणा यांचा समतोल हे वैशिष्ट्य, किंमत जास्त. याच मालिकेतील एच नावाच्या साईटमध्ये रात्रदर्शी उपकरणासाठीचे मंद प्रकाशमान नसते.

ट्रायजिकॉन एमआरओ: समोरची काच २५ मिलिमीटर, २ कलांचा ठिपका, सुमारे ११६ ग्रॅम वजन. मोठ्या काचेमुळे ठिपका सहज सापडतो. दृश्य अगदी किंचित मोठे दिसते, अशी तक्रार काही वापरकर्ते करतात.

सिग सॉवर रोमिओ ५: २० मिलिमीटर काच, २ कलांचा ठिपका, हालचालीने चालू होणारी यंत्रणा आणि सुमारे ४०,००० तास बॅटरी. मध्यम किमतीच्या साईटमध्ये गणली जाते.

इओटेक एक्सपीएस २: होलोग्राफिक. ६८ कलांचे वर्तुळ व त्याच्या मध्यभागी १ कलेचा ठिपका, रुंद आयताकार काच. वजन सुमारे २५५ ग्रॅम आणि बॅटरी सुमारे ६०० तास.

विश्वासार्हतेचा प्रश्न

साईटची खरी परीक्षा दुकानातील काचेच्या स्वच्छतेवर होत नाही, हे २०१५ मधील एका प्रकरणातून स्पष्ट झाले. अमेरिकी सैन्यदलांना पुरवलेल्या इओटेक होलोग्राफिक साईटचा नेमबिंदू अतिथंड व अतिउष्ण हवामानात सरकतो आणि ही बाब ठाऊक असूनही सांगितली गेली नाही, असा आरोप अमेरिकी सरकारने केला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन हा दावा मिटवला. पुढे नागरी ग्राहकांनाही पैसे परत देण्याची योजना राबवली गेली.

अशा दोषाचे गांभीर्य साध्या गणिताने समजते. नेमबिंदू ४ कलांनी सरकला तर ३०० मीटरवर गोळी सुमारे ३५ सेंटिमीटर बाजूला जाते. नेमबाजाला ठिपका लक्ष्याच्या मध्यावरच दिसत असतो, त्यामुळे चूक त्याच्या लक्षात येत नाही. ओलीस आणि हल्लेखोर शेजारी उभे असताना या अंतराचा अर्थ एका निरपराध व्यक्तीचा जीव असा होऊ शकतो. म्हणून साईट बसवल्यावर, आधारपट्टी काढून पुन्हा लावल्यावर आणि ऋतू बदलल्यावर गोळ्या झाडून मेळ तपासणे आवश्यक मानले जाते.

मर्यादा

रेड डॉट साईट लक्ष्य मोठे करत नसल्याने दूरची वस्तू ओळखण्यास तिची मदत होत नाही. समोर दिसणारे खरोखर लक्ष्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठी दुर्बीण किंवा साईटमागे जोडण्याचे विवर्धक भिंग लागते. प्रखर उन्हात मंद ठिपका दिसत नाही, तर अंधारात तेजस्वी ठिपका लक्ष्य झाकून टाकतो. तसेच ही साईट चाप ओढण्यातील चूक दुरुस्त करू शकत नाही.

भारतातील स्थिती

भारताच्या विशेष दलांनी स्वीकारलेल्या इस्रायली बनावटीच्या टेवर रायफलींवर परावर्ती साईट वापरल्या जातात. नागरिकांना रायफल बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीवर बंदी असल्याने परदेशात प्रचलित असलेला या साईटचा शिकारीसाठीचा उपयोग येथे लागू होत नाही.

ऑलिंपिक रायफल प्रकारांत रेड डॉट साईटला परवानगी नाही. तेथे मागील बाजूस बारीक छिद्र आणि पुढे वर्तुळ असलेली यांत्रिक साईट वापरतात. २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी अशाच छिद्राच्या साईटमधून नेम साधला. या स्पर्धांत लक्ष्य स्थिर असते आणि नेम स्थिरावण्यास वेळ मिळतो. रेड डॉट साईटचा लाभ मुख्यतः लक्ष्य किंवा नेमबाज हलत असताना आणि वेळ अपुरा असताना मिळतो.